चादरीखालचं यंत्र

फिटरने आराखड्याची गुंडाळी टेबलावर ठेवली, पण वरचा हात काही काढला नाही. पेटंटचं काम बघणाऱ्या वकीलबाई समोर चष्मा पुसत बसल्या होत्या. ताकाला जाऊन भांडं लपवायची नवऱ्याची खोड शेजारी बसलेल्या बायकोला ठाऊक होती. तिने त्याला कोपराने हलकेच ढोसलं.

"द्या की आता. त्या काय घरी जाऊन बनवणार आहेत?"

वकीलबाई हसल्या. फिटरने हात उचलला.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उभं करायचं यंत्र होतं ते. पाठीमागून पट्टा, खाली चाकं आणि पायाने दाबायचा एक दांडा. दांडा दाबला की कितीही जड माणूस अलगद वर येई, उचलणाऱ्याला वाकायलाच नको. फिटरने ते स्वतःच्या आईसाठी करायला घेतलं होतं, आणि आईला रोज उचलणाऱ्या बायकोसाठी. पण गाडं एका जागी अडलं. माणूस वर येताना त्याचे पाय पुढे घसरायचे. फिटरने पट्टे बदलले, चाकं बदलली, फळ्या ठोकल्या आणि काढल्या. या खटाटोपात वर्षं गेली आणि आईही गेली. मग एकदा रिकाम्या पलंगाकडे बघत बसला असताना त्याला सुचलं, गुडघ्यांपुढे एक गादी बसवायची, बस्स. यंत्र पुरं झालं. एक कारखानदार म्हणालाही होता, पेटंट घेऊन ये, मग बोलू. त्या एका वाक्यावर फिटर आज नवा शर्ट घालून आला होता.

"बनवायला घेण्याआधी, असं काही कुणी केलंय का ते बघितलं होतंत?" वकीलबाईंनी विचारलं.

"छे! शोधाशोध करायला गेलं की बातमी फुटते," फिटर म्हणाला. "मेव्हणा मागे लागला होता, भावजी, आधी बघून घ्या म्हणून. मी म्हटलं, तू गप्प बस. भिंतीलाही कान असतात. अहो, त्या खोलीत मी चिटपाखरू फिरकू दिलं नाही."

हे मात्र अगदी खरं होतं. यंत्र आईच्याच खोलीत उभं असे, वर चादर टाकून. शेजारची नर्स चांगली धिप्पाड होती आणि मनाचीही मोठी. "वहिनी, हाक मारत जा, दोघी मिळून उचलू," असं ती कितीदा तरी दारात उभी राहून म्हणाली होती. पण ती आत आली असती तर चादरीखाली काय आहे ते तिने विचारलं असतं. फिटरने नको म्हटलं. मग बायकोने सासूला एकटीनेच उचललं, रोज, त्या चादरीला खेटून उभं राहून. आता तिच्या कमरेला पट्टा होता, आणि या ऑफिसचा जिना ती नवऱ्याचा खांदा धरून चढली होती. ही पाठ आता अशीच राहणार, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

"आपण बघितल्याने बातमी फुटत नाही हो," वकीलबाई म्हणाल्या. "जुनी पेटंटं सगळ्यांना बघायला खुली असतात. आपलं काही सांगायचं नाही, नुसतं बघायचं." त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं, थोडं वर-खाली केलं आणि थांबल्या. मग स्क्रीन त्या दोघांकडे वळवला.

जुनं, बारीक रेघांचं चित्र होतं. पलंग होता, पट्टा होता, दांडा होता. गुडघ्यांपुढे गादी होती.

फिटर पुढे सरकला. "माझा दांडा डावीकडे आहे," तो म्हणाला.

"डावं-उजवं केल्याने नवं होत नाही."

"आणि चाकं?"

"चाकंही आहेत. ही बघा." वकीलबाईंनाच ते दाखवताना वाईट वाटलं.

फिटर मागे टेकला. कुणी चोरी केली असती तर चोराच्या नावाने बोटं तरी मोडता आली असती. इथे भांडायचं कुणाशी? नव्या शर्टाची कॉलर त्याला टोचायला लागली. तेवढ्यात बायकोने विचारलं.

"कधीचं आहे हे?"

"खूप जुनं. तुमच्या लग्नाच्याही आधीचं असेल. मुदत केव्हाच संपलीय. एकदा मुदत संपली की कुणीही बनवावं, कुणाला विचारायला नको."

"आम्हीसुद्धा?"

"तुम्हीसुद्धा. समोर हे चित्र ठेवून बनवलं असतंत तरी कुणी हरकत घेतली नसती."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं. "हे बघून बनवायचं असतं, तर किती दिवस लागले असते तुम्हाला?"

फिटर एरवी कितीही थापा मारी, पण कामाच्या बाबतीत त्याला खोटं बोलता येत नसे.

"आठवडा," तो म्हणाला. "फार तर आठवडा."

बायकोने मान हलवली. तिला स्क्रीन नीट दिसत नव्हता आणि पुढे वाकता येत नव्हतं, म्हणून वकीलबाईंनी तो टेबलाच्या कडेपर्यंत सरकवला. चित्रात यंत्राशेजारी एक बाई काढलेली होती, एका पायाने दांडा दाबत उभी. चेहरा काढायचीही कुणी तसदी घेतली नव्हती. बायकोने तिच्या मानेपासून कमरेपर्यंत हळूच बोट फिरवलं.

"अहो, बघा ना," ती म्हणाली, "किती सरळ उभी आहे ही."