बाबांचं फोल्डर

मुलगी दुपारी झोपली, की भानुमती वारलेल्या नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर त्याचे फोटो, पत्रं, गाणी ‘बाबांचं’ नावाच्या फोल्डरमध्ये गोळा करायची. लेकीला पुढे सगळं एकाच जागी सापडावं म्हणून. आज कॉम्प्युटर सुरूच होईना. संध्याकाळी नवऱ्याचा मित्र शालिग्राम मदन महल भागातून दुरुस्तीची सीडी घेऊन आला. “सगळं पुसल्या जाईल काय, भाऊजी?” तिने विचारलं. “रुका जरा.” बऱ्याच खटपटीनंतर त्याला मशीनची एक हरवलेली फाईल ‘बाबांचं’ फोल्डरमध्ये सापडली. “ही काहून हलवली, वहिनी? हिच्याबिगर मशीन उठतच नाही.” “मला वाटलं, यातलं सगळं त्यांचंच आहे.” त्याने फाईल जागेवर ठेवली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. बाबा फॅक्टरीतून आल्यावर कॉम्प्युटर लावायचे, तेव्हा वाजायची ती धून वाजली. लेक आतून धावत आली. तिने पूर्वीसारख्या बाबांच्या चपला खुर्चीपुढे मांडून वर पाहिलं. खुर्चीत बसलेल्या शालिग्रामने आपले पाय हळूच मागे घेतले.