खिडकीपासून मोरीपर्यंत

करार संपायच्या महिनाभर आधी “आम्ही राहतोय” असं घरमालकाला कळवायचं काम शिंपीकाकांच्या बायकोचं. दरवर्षी ती न चुकता कळवायची, काकांना त्या अटीचा पत्ताही नव्हता. यंदा मात्र विसर इतका वाढला की तिला घरातल्या घरात वाट सापडेना, तिथे करार कुठला आठवणार! मुदतीच्या शेवटी घरमालक ओशाळून दारात उभा. “काका, तुमच्याकडून चकार शब्द नाही. मला वाटलं, निघालात. दुसऱ्यांना घर देऊन बसलो.” “अरे, गप्प बसलेला माणूस बसलेलाच असतो, उठलेला कसा?” काका म्हणाले, पण उपयोग नव्हता. सामान टेम्पोत चढलं. उरली खिडकीच्या गजापासून मोरीच्या दारापर्यंत बांधलेली दोरी. ती धरूनच बायको एकटी जायची, यायची. काका गजाची गाठ सोडवू लागले, तोच दोरी हलली. “अहो, सोडू नका,” मोरीतून निघालेली बायको घाबरून म्हणाली, “मी अजून वाटेतच आहे.”