पायरीपुरती रेंज

"काकू, आता खालच्या मजल्यावरसुद्धा फुल रेंज येईल," असं सांगून नवा मोडेम बसवायला आलेला माणूस गेला, आणि वत्सलाबाईंना आधी आठवली ती दाराबाहेरची पायरी.

जुन्या मोडेमची रेंज तिथवरच जायची. म्हणून खाली राहणारे देगलूरकर मास्तर रोज सहाला पायरीवर येऊन बसत आणि दुबईतल्या नातवाकडून व्हिडिओवर पाढे म्हणवून घेत. पाढे झाले की वत्सलाबाई चहा आणत. दोन्ही घरांत आता एकेकच माणूस उरलं होतं, त्यामुळे तो चहा लवकर संपत नसे.

त्या संध्याकाळी मास्तरांनी मोबाईल पुढे केला. "पासवर्ड बदलला वाटतं?"

वत्सलाबाईंनी नवा पासवर्ड घालून दिला. मग पदर सारखा करत म्हणाल्या, "मोडेम नवा असला तरी रेंज पायरीपुरतीच आहे. खाली नाही यायची, असं तो माणूस म्हणाला."

दुसऱ्या दिवशी पाचलाच मास्तरांच्या खिडकीतून तेराचा पाढा ऐकू आला. तेरा सत्तेला नातू अडला, मास्तरांनी सांगितलं, तो पुढे गेला. वत्सलाबाईंनी पाढा शेवटपर्यंत ऐकला. सहाला त्यांनी एकाच कपाचं आधण ठेवलं.

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. मास्तर नेहमीच्या जागी टेकले.

"तुम्ही म्हणालात तेच खरं. खाली अजिबात रेंज येत नाही."

मोबाईल काही त्यांनी खिशातून काढला नाही.

"तरी सांगत होते," वत्सलाबाई म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी आधणात आणखी कपभर पाणी ओतलं.