मालकाचा कवेलू

कचेरीचं नवं छप्पर गळलं. गळलं ते थेट दप्तराच्या खोलीत, आणि तेही बुलढाण्याहून आलेल्या मोठ्या साहेबांच्या देखत. पण तसं काही झालंच नाही, असं तूर्त धरून चालू. कारण मोतीराम दप्तरदार अजून शिडीखाली उभा आहे, आणि वर फकीर मोहम्मद मिस्त्री शेवटची ओळ बसवतो आहे.

बीबी गावाच्या पलीकडच्या एका कसब्यातली ही कचेरी, निजामाच्या अमलात बांधलेली. सागाचे वासे वाकले तेव्हा साहेबांनी आधी पत्रे घालायचं ठरवलं. मग जुन्या इमारतीची शोभा जाते म्हणून बेत बदलला. वासे नवे, कवेलू, म्हणजे कौलं, जुनीच, एकेक धुऊन, बोटानं वाजवून पारखलेली. काम झालं की साहेब स्वतः येणार, छपरावर पाणी ओतून बघणार, आणि मग मोतीरामच्या खोलीतले कापडात बांधलेले सगळे बस्ते उघडून जुने कागद तपासणार. कागदांत खोट निघाली तर मोतीरामची बावीस वर्षांची नोकरी गेली. तसं पत्र आल्यापासून त्याचा डबा रोज भरलेलाच घरी परत जात होता.

"मिस्त्री, खरं सांग, गळते काय?" त्या दिवशी त्यानं सातव्यांदा विचारलं.

"बाबूजी, टिपूस पडला तं दाढी काढून तुमच्या हातात देतो."

"एवढं पक्कं?"

"तुमची काळजी समजते मले. तुमच्या खोलीवर तं दुहेरी थर टाकला."

"दुहेरी काऊन?"

"तुमच्यासाठी!"

मोतीराम भिंतीला टेकला. मिस्त्रीला त्याची दया आली. कागदांवर एवढा जीव लावणारा माणूस त्यानं पाहिला नव्हता.

"आता फक्त मालकाचा कवेलू राह्यला," मिस्त्री खाली उतरून म्हणाला.

त्या भागात रीतच होती तशी. घर शाकारून झालं की धान्याच्या कोठीवरची एका कवेलूची जागा मिस्त्री मोकळी सोडतो. तो कवेलू घराच्या मालकानं आपल्या हातानं बसवायचा. मिस्त्रीनं बसवला तर मिस्त्रीचंच घर गळतं. फकीर मोहम्मदच्या आज्यानं एकदा बसवला होता. आज्याचं घर अजून गळत होतं.

"कचेरीत कोठी कुठं हाय?" मोतीरामनं विचारलं.

"दप्तर हेच तं कोठी, बाबूजी."

मोतीरामनं मान वर करून ते भोक नीट बघून घेतलं.

तहसीलदार महादेवरावांना बोलावणं गेलं. ते खुशीत आले, बाह्या सारल्या, एक पाय शिडीवर ठेवला. मोतीराम खाकरला.

"रावसाहेब, जरा अडचण आहे. वऱ्हाड मुळात निजामसरकारचं. इंग्रज सरकारकडे ते कायमच्या पट्ट्यानं. म्हणजे मालक ते, भाडेकरू आपण. मालकाचा कवेलू आपण बसवला, तर उद्या कोणी म्हणायचं, तहसीलदारांनी मालकी सांगितली."

महादेवरावांनी पाय खाली घेतला. "बरं झालं बोललास. माझी पेन्शन दोन वर्षांवर आलीय."

"मंग या भोकाचं काय करू जी?" मिस्त्रीनं विचारलं.

"वरिष्ठांना विचारू," महादेवराव म्हणाले आणि जेवायला गेले.

"लई बारीक नजर हाय बाबूजी तुमची," मिस्त्री कौतुकानं म्हणाला.

वरिष्ठांचं उत्तर यायच्या आधी चौथ्या दिवशी साहेबच आले. गुलाम रसूल भिश्त्यानं रेड्यावरून पाण्याच्या तीन पखाली आणल्या. जत्रेसारखी माणसं जमली. ओसरीवर पाणी ओतलं, ओसरी कोरडी. कोर्टावर ओतलं, कोर्ट कोरडं. साहेब मिशीत हसले. भोकाचं सांगायला कोणी धजलं नाही. तिसरी पखाल दप्तराच्या खोलीवर रिकामी झाली, आणि मोट सुटावी तसं पाणी आत कोसळलं.

दार उघडेपर्यंत बस्ते फुगून टरारले होते. शाई वाहून निळा चिखल झाला होता. मोतीरामनं डोक्यावर हात मारून असा हंबरडा फोडला की साहेबांनी स्वतःची खुर्ची त्याला दिली.

"किस का कसूर है?" साहेब गरजले.

"काम पक्कं हाय हुजूर," मिस्त्री शांतपणे म्हणाला. "जागा मालकाची मोकळी हाय."

मालक कोण, ते महादेवरावांनी चाचरत सांगितलं. साहेबांनी बराच विचार केला. मिस्त्रीला दंड करावा तर त्याचं काम चोख. तहसीलदाराला करावा तर त्यानं मर्यादा पाळलेली. दप्तरदार तर रडतच होता. उरला मालक. शेवटी साहेबांनी हुकूम लिहवून घेतला: छप्पर गळलेलं नाही, कागद वयोमानानं जीर्ण झाले, सबब रद्द समजावेत, आणि कवेलूचं मालकास लिहावं. सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला. मिस्त्रीची दाढीही वाचली.

संध्याकाळी मोतीरामची बायको झुंबरबाई घराच्या दारातच नवऱ्याची वाट बघत उभी होती.

"अवो, भिजले काय?"

"सारे."

"बस्त्याइत कोंबलेली रद्दी कोनं वळखली तं नाही?"

"ब्रह्मदेवालेबी वळखू येनार नाही."

ती मटकन खाली बसली आणि पोट धरून हसायला लागली. मग तिनं टोपली पुढं ओढून भाकरी वाढली. बावीस वर्षं नवऱ्यानं निरुपयोगी समजून घरी आणलेले सरकारी कागद भिजवून, त्यांच्या लगद्यात घट्टपणासाठी मेथ्या कुटून तिनं लिंपलेल्या एकतीस टोपल्या कोपऱ्यात रचून होत्या. एकीच्या बुडाशी सरकारी मोहर अजून स्वच्छ वाचता येत होती. चार घास पोटात गेल्यावर मोतीरामनं टाक उचलला आणि साहेबांच्या हुकमाप्रमाणे हैदराबादेस निजामसरकारला पाठवायचा मसुदा सुवाच्य अक्षरात उतरवला: "सबब विनंती की, हुजुरांनी सवडीनं इकडे येऊन सदर कवेलू स्वहस्ते बसवून जावा. शिडी कचेरीतून मिळेल."