कोणाची मानगूट धरणार?

गुरव मास्तर वर्गातच कोसळले, तेव्हा त्यांचं कृत्रिम हृदय अकरा सेकंद थांबलं होतं. ते बसवणाऱ्या डॉ. वसुधा खांडेपारकरांनी हृदय बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला.

"करार वाचा, मॅडम. नुकसानीला आम्ही जबाबदार नाही, आणि प्रोग्राम कोणालाही दाखवता येत नाही," पलीकडचा आवाज नम्रपणे म्हणाला.

शस्त्रक्रियेआधी मास्तरांची मुलगी शलाका कोणालाही वाचता येईल अशा खुल्या प्रोग्रामवर चालणाऱ्या हृदयासाठी अडून बसली होती. "फुकटच्या प्रोग्रामसाठी उद्या कोणाची मानगूट धरणार?" असं म्हणून वसुधाताईंनीच तिला गप्प केलं होतं.

आता शलाकाने मोबाईल पुढे केला. खुल्या प्रोग्राममध्येही मागे हृदय मधेच थांबण्याचा हाच दोष निघाला होता. तो प्रोग्राम लिहिणाऱ्या, आसामातल्या जोरहाटच्या बाईंनी स्वतःच्या नावानिशी चूक कबूल केली होती, दुरुस्ती केली होती आणि एकेका रुग्णाला फोन केला होता.

वसुधाताईंची मान खाली गेली.

"बाबांना मी सांगू?" शलाकाने विचारलं.

"नको, माझी चूक मीच सांगते. आता हृदयच बदलावं लागेल, हेही."

मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि संमतीपत्रावर सही केली. "ऑपरेशन मात्र तुम्हीच करा हं, डॉक्टर," ते म्हणाले.

वसुधाताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.