गार काच

शेवटची काच चौकटीत बसेना. सूतभर जास्त होत होती.

"एवढंच ना मॅडम? सूतभर उतरवून टाकतो," असं म्हणत काचवाल्याने ती फळ्यांवर आडवी घेतलीसुद्धा.

"अहो, थांबा! कापायची नाही ती!" धाकटी जवळजवळ किंचाळलीच. "ही काच कारखान्यातून येते तशीच बसवायची असते. कापली की मेली."

या हॉस्पिटलची आर्किटेक्ट ती आणि बांधणारा कंत्राटदार तिचा सख्खा थोरला भाऊ. साइटवर लहानथोर सगळ्यांचा तो दादाच. जिना आणि नवजात बाळांची खोली यांच्यामध्ये ही काचेची भिंत उभी राहत होती. जिन्यातून आग वर आली, तर बाळं काही उठून पळणार नव्हती. नर्सबायकांना एकेकाला उचलून न्यायचं म्हणजे वेळ हवा, आणि तो वेळ या काचेने द्यायचा होता. म्हणून तर धाकटीने सगळ्यांशी भांडभांड भांडून हीच निवडली होती. दोन काचांच्या पोटात जेलीसारखा एक थर. धग लागली की तो फुगतो, दुधासारखा पांढरा होतो आणि आगीला पलीकडे जाऊ देत नाही. कारखान्यात नमुना बघायला दोघं बरोबरच गेली होती. एका बाजूने ज्योत फुरफुरत होती आणि दुसऱ्या बाजूने दादाने काचेवर खुशाल पंजा टेकवला होता.

"गार आहे गं चिमे! लाव की हात, घाबरट कुठली."

तिची किंकाळी कानावर जाईपर्यंत काचवाल्याने कडेची काळी पट्टी सोलून काढली होती. आता तो हसला.

"मरतेय कशाने? साधी तर आहे." त्याने फटीत नख घातलं, वरची काच अलगद उचलली आणि भिंतीला टेकवून ठेवली. "दोन आहेत ना, एकेक कापू."

मध्ये काही नव्हतं. जेली नाही, थर नाही, काही म्हणता काही नाही. खालच्या काचेवर कुणाच्या तरी बोटांचे ठसे होते, तेवढेच.

धाकटीने बसवून झालेल्या काचांकडे पाहिलं. "सगळ्याच अशा आहेत?"

"हो की. दादांनीच सांगितलं, दोन दोन जोडा आणि कडेला पट्टी मारा." काचवाला गोंधळला. "का मॅडम, काही चुकलं का आमचं?"

त्या बिचाऱ्याचं काय चुकणार! तिने त्याला चहा प्यायला पाठवून दिलं.

दादा शीळ घालतच वर आला. सुटी झालेली काच बघून शीळ थांबली, पण चेहरा पडला तर तो दादा कसला!

"अगं, खरा माल बंदरात अडकलाय. उद्घाटन आलंय तोंडावर. म्हणून म्हटलं, सध्या या लावू. माल आला की गुपचूप बदलून टाकतो. तुझ्या डोक्याला ताप नको म्हणून बोललो नाही, एवढंच."

खरं सांगायचं तर तिने विश्वास ठेवला. जीव भांड्यात पडला तिचा. दादाने सांगितलं आणि तिने मानलं नाही, असं लहानपणापासून कधी झालंच नव्हतं. "सांगायचंस तरी रे! माझा श्वास अडकला होता," असं म्हणत ती हसलीसुद्धा. आणि हसता हसता तिची नजर काचेच्या कोपऱ्याकडे गेली.

कोपऱ्यात शिक्का होता. त्याच कारखान्याचा, तेच नाव, आग थोपवणारी काच म्हणून तीच खूण. तिने नखाने खरवडून पाहिलं. निघेना. चांगला काचेत कोरलेला होता.

"दादा, बदलायच्याच आहेत, तर यांच्यावर शिक्का कशाला कोरून घेतलास?"

दादाने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "असू दे गं. बघणाऱ्याला बरं वाटतं. आणि आता उगाच पाल्हाळ नको. काम पूर्ण झाल्याची सही तू गेल्याच आठवड्यात केलीस ना? दादा आहे ना, मग झालं, असं म्हणत?"

केसाने गळा कापणं ते हेच. परक्याने फसवलं असतं तर तिने आकाशपाताळ एक केलं असतं. इथे समोर दादा होता. मग कानशिलं तापली. प्लंबरचा पाइप जोडायचा बर्नर कोपऱ्यात पडला होता, तो तिने उचलला आणि शेवटच्या काचेसाठी मोकळ्या राहिलेल्या चौकटीतून पलीकडे, जिन्यात गेली. बसवलेल्या काचेसमोर उभी राहिली. बर्नर पेटवला. निळी ज्योत काचेपासून वीतभर लांब धरली.

"दादा, तिकडून हात टेकव."

"काय पोरखेळ लावलायस!"

"टेकव ना. गार असते, तूच म्हणाला होतास. घाबरट कुठला."

दादाचा हात वर आला. खरंच आला, छातीपर्यंत आला. मग खाली जाऊन खिशात शिरला.

"वेडे, बाजूला घे ते," तो म्हणाला. "काच तडकेल."