खंडेनवमीची ठिणगी

अच्युतने दोरी पुन्हा ओढली. इंजिन साधं खोकलंसुद्धा नाही.

अंगणात पाण्याने भरलेलं लोखंडी पिंप होतं आणि पिंपाच्या काठाला नावेचं इंजिन आवळून बसवलं होतं. पंखा पाण्यात, डोकं वर. मागच्या महायुद्धानंतर लष्कराने लिलावात काढलेलं हे धूड नदीवरच्या ग्वारीघाटच्या मोहन नावाड्याकडे वर्षानुवर्षं गंजत पडलं होतं. अच्युत लष्करी कारखान्यात फिटर. एकाहत्तर साल, युद्धाचे वारे, ओव्हरटाइमने माणसं पार पिळून निघालेली. त्यातूनही सवड काढून त्याने इंजिनाची ठिणगी पाडणारी, तडकलेली जुनी कॉइल फेकून ओमतीच्या बाजारातल्या दुकानातली नव्या जातीची बसवली. कंडेन्सर नवा, पॉइंट नवे. काल संध्याकाळी ठिणगी झकास पडत होती.

"आज काहून नाही होत?" सुहासिनीने, त्याच्या बायकोने विचारलं.

"तेच तर पाहून राहिलो."

मोहन ओट्यावर बसून होता. उद्या दसरा, उद्या त्याच्या घाटावर देवींचं विसर्जन. गेल्या वर्षी त्याच गर्दीत सुहासिनीचा धाकटा भाऊ बंडू धारेला लागला. मोहन वल्ही मारत त्याच्यामागे गेला, पण पोहोचला नाही. यंदा मोहनच्या नावेला इंजिन असणार, असं अच्युतने तेराव्यालाच सांगून टाकलं होतं. बोलून बसला होता खरा.

"प्लग काढून पाहावा लागेल," अच्युत म्हणाला आणि तिथेच अडला.

आज खंडेनवमी. त्याची सगळी हत्यारं देवापुढे पाटावर मांडलेली होती. तो सकाळच्या ड्यूटीला गेल्यावर सुहासिनीनेच ती पुसली, पुजली, वर झेंडूची फुलं ठेवली. पुजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हा तिच्या माहेरचा कडक नेम. एकदा अच्युतने खिळा ठोकायला हातोडी उचलली, तर ती दोन दिवस धड बोलली नव्हती.

आता ती उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात प्लगचा पाना होता. त्याला हळदीकुंकू तसंच होतं.

"घ्या," ती म्हणाली. "देवाला मी सांगीन."

अच्युतने प्लग काढला, वायर जोडून इंजिनाच्या अंगाला टेकवला. ऊन फार होतं, म्हणून सुहासिनीने पदराचा आडोसा धरला. मोहनने उठून दोरी ओढली. तिघांनीही डोळे फाडून पाहिलं. काही नाही.

"पुराना इंजन है भैया," मोहन हळूच म्हणाला. "नया पुर्जा पचता नहीं होगा।"

वरच्या गोल चाकाला एक झरोका असतो, त्यातून आतले पॉइंट दिसतात. अच्युत वाकून त्यात डोकावला आणि तसाच वाकून राहिला.

"सुहास, इंजिनाचीही पूजा केली का गं?"

"केली ना. उद्याचं सगळं त्याच्यावरच तर आहे."

"कुंकू कुठे लावलं?"

"वरून सगळं जुनं, गंजकं. नवं सामान आत दिसलं, म्हटलं नव्याला लावावं." तिने अनामिका झरोक्यात घालून दाखवली. "असं. ओलं करून." आणि बोलता बोलताच तिला कळलं. चेहरा उतरला. "अहो, मीच बिघडवलं?"

पॉइंटच्या दोन टोकांची गाठ पडायची, त्या केसभर जागेत ओलं कुंकू वाळून बसलं होतं; टोकं टेकतच नव्हती, मग ठिणगी कुठून पडणार? अच्युतला हसू येत होतं आणि रडूही. त्याने कागदाची पट्टी पेट्रोलमध्ये भिजवून मधून ओढली. लाल निघाली. दुसरी गुलाबी. तिसरी कोरी.

"धर पदर."

मोहनने दोरी ओढली. टच्‌! पदराच्या सावलीत निळी ठिणगी उडी मारून पलीकडे गेली. पुन्हा ओढली, पुन्हा टच्‌! सुहासिनीच्या अंगावर सर्रकन काटा आला. ना काडी, ना वात, आणि एवढ्याशा फटीत वीज! तिचे हात आपोआप जोडले गेले आणि पदर सुटला. देवापुढे ती रोजच हात जोडायची, पण आज पहिल्यांदाच काही तरी समोर उभं राहिल्यासारखं तिला वाटलं.

अच्युतने प्लग बसवला. पाय रोवून दोरी ओढली, आणि म्हातारं गर्जलं. पिंपातलं पाणी उसळून अंगणभर झालं, शेजारचे श्यामसुंदर आंघोळ अर्धी टाकून कुंपणाशी आले. निळा धूर, कानठळ्या, पायाखालची फरशी थरथरणारी. अच्युत लहान मुलासारखा हसत होता. मोहनने पागोटं काढून हातात घेतलं होतं.

सुहासिनी त्याच्याजवळ गेली. वर्षभर तिने एक गोष्ट विचारली नव्हती. आवाज एवढा होता की तिला ओरडावं लागलं.

"भैया, उस दिन कितना रह गया था?"

मोहनने इंजिनाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि दोन्ही हात पसरून वल्ह्याची लांबी दाखवली.

"एक चप्पू भर, दीदी। हाथ दिख रहा था।"

ती हलली नाही. पिंपातलं पाणी उसळून उसळून अर्ध्यावर आलं होतं. इंजिन तापेल म्हणून अच्युतने बंद करायला हात पुढे केला.

"बंद नका करू," ती म्हणाली आणि बादली उचलून नळाकडे धावली. "मी पाणी आणते."